पूरनियंत्रण जलाशय आणि त्याचे मनोरंजनात्मक उपयोग : ह्युस्टन येथील ॲडिक्स व बार्कर जलाशयांच्या संदर्भात

प्रस्तावना

धरण म्हटले की भरलेल्या पाण्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या दिवसांत कोणते धरण किती टक्के भरले हा वृत्तपत्रांतील नित्याचा मथळा असतो आणि धरण शंभर टक्के भरणे ही आनंदाची वार्ता मानली जाते. हे स्वाभाविकच आहे. येथील बहुतेक धरणे सिंचन, पिण्याचे पाणी व वीज यांसाठी म्हणजेच पाणी साठविण्यासाठी बांधलेली आहेत. केवळ पूरनियंत्रणासाठी बांधलेल्या जलाशयाचे गणित मात्र याच्या नेमके उलट असते. त्याची उपयुक्तता त्यातील पाण्यात नसून त्यातील मोकळ्या जागेत असते. येणारा पूर सामावून घ्यायचा तर त्या दिवशी जलाशय रिकामा असला पाहिजे, आणि पूर केव्हा येईल हे निश्चित सांगता येत नसल्यामुळे तो जवळजवळ नेहमीच रिकामा ठेवावा लागतो.

यातून एक व्यावहारिक प्रश्न निर्माण होतो. हजारो एकर जमीन वर्षानुवर्षे केवळ एका संभाव्य पुराची वाट पाहत रिकामी ठेवणे कोणत्याही शासनाला, विशेषतः वाढत्या शहराच्या कडेला, अवघड जाते. अशा जमिनीचा दुसरा उपयोग कोणता करावा? अमेरिकेत या प्रश्नाला सर्वसाधारणपणे 'मनोरंजन' हे उत्तर देण्यात आले आहे. उद्याने, क्रीडांगणे, पायवाटा, मासेमारी, नौकाविहार अशा अनेक गोष्टींचा त्यात समावेश होतो. प्रस्तुत लेखात टेक्सास राज्यातील ह्युस्टन शहराच्या पश्चिमेस असलेल्या ॲडिक्स व बार्कर या दोन जलाशयांच्या आधारे या उत्तराची चिकित्सा केली आहे. उद्यान हा रिकाम्या जलाशयाचा सर्वांत निरुपद्रवी भाडेकरू आहे, हे या उदाहरणातून दिसते. परंतु त्याच उद्यानामुळे लोकांना जलाशयाचा विसर पडतो, हेही त्यातूनच दिसते.

भरलेला जलाशय आणि रिकामा जलाशय

पूरनियंत्रण जलाशयांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात जलाशयाचे उंचीनुसार थर कल्पिलेले असतात. खालच्या थरात कायम पाणी ठेवले जाते. त्यातून वीज, सिंचन, नळपाणी इत्यादी गरजा भागतात. त्यावरचा थर पुरासाठी राखून ठेवलेला असतो. पूर आला की हा थर भरतो आणि पूर ओसरल्यावर खालच्या नदीला झेपेल अशा बेताने तो रिकामा करण्यात येतो. दुसऱ्या प्रकारात कायमचा पाणीसाठा नसतोच. धरणाची दारे एरवी उघडी असतात, नदी धरणातून वाहत पुढे जाते आणि बुडीत क्षेत्र कोरडे राहते. यास कोरडा जलाशय म्हणता येईल.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे टेक्सास आणि ओक्लाहोमा यांच्या सीमेवरील रेड नदीवरचे डेनिसन धरण व त्याचा टेक्सोमा जलाशय. १९४४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची नेहमीची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६१७ फूट असून सांडव्याची पातळी ६४० फूट आहे. या दोन पातळ्यांमधील तेवीस फुटांची जागा ही पुरासाठीची राखीव जागा होय. नौकाविहार व मासेमारी यांसाठी हा जलाशय प्रसिद्ध असून दरवर्षी लाखो पर्यटक तेथे येतात. पर्यटकांना व त्यांच्यावर उदरनिर्वाह करणाऱ्या व्यावसायिकांना पाण्याची पातळी स्थिर हवी असते. पातळी खाली गेली तर नाव पाण्यात उतरविण्याचे उतार उघडे पडतात. वर गेली तर तंबू ठोकण्याच्या जागा, स्वच्छतागृहे व रस्ते पाण्याखाली जातात. यात भर म्हणजे तेथील मोठ्या पावसाचा काळ आणि सुटीच्या हंगामाचा प्रारंभ हे दोन्ही मे महिन्याच्या अखेरीस एकत्र येतात. १९५७, १९९०, २००७ आणि २०१५ या चार वर्षी टेक्सोमाचे पाणी सांडव्यावरून वाहिले. त्यांपैकी २०१५ चा पूर ऐन मे महिन्याच्या अखेरीस आला आणि किनाऱ्यावरील उद्यानांचा हंगाम पाण्यात गेला.

भारतात हा संघर्ष एवढ्या तीव्रतेने जाणवत नाही, याचे श्रेय नियोजनापेक्षा मोसमी पावसाला द्यावे लागेल. पूर पावसाळ्यात येतो, तर सहली हिवाळ्यात निघतात. शिवाय महाराष्ट्रात धरणाशी निगडित मनोरंजनाची प्रसिद्ध स्थळे अनेकदा जलाशयात नसून धरणाच्या पायथ्याशी असतात; पैठण येथील संत ज्ञानेश्वर उद्यान हे त्याचे परिचित उदाहरण आहे. तेव्हा जलाशयाच्या पोटातच उद्यान असणे ही कल्पना मराठी वाचकास काहीशी अपरिचित वाटणे शक्य आहे. तथापि तिच्या जवळ जाणारी एक वहिवाट आपल्याकडे आहे, ती म्हणजे गाळपेर. उजनीसारख्या जलाशयांत पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर पिके घेतली जातात. या जमिनीचा शेतकरी तेथे पेरतो, परंतु घर बांधत नाही. पाणी परत येणार हे त्यास ठाऊक असते, कारण ते दरवर्षी येते. कोरड्या जलाशयातील उद्यान ही एका अर्थाने नागरी गाळपेरच होय. फरक एवढाच की तेथे पाणी दरवर्षी येत नाही, आणि ह्युस्टनच्या कथेतील बहुतेक अनर्थ या फरकातून उद्भवला आहे.

बफेलो बायू आणि दोन धरणे

ह्युस्टन हे शहर मेक्सिकोच्या आखाताजवळील अत्यंत सपाट प्रदेशात वसले आहे. चिकणमातीची जमीन, नगण्य उतार आणि आखातावरून येणारे वादळी पाऊस यांमुळे तेथे पाणी साचते फार आणि वाहून जाते सावकाश. अशा मंदगती प्रवाहांना तेथे 'बायू' म्हणतात. बफेलो बायू हा त्यांपैकी प्रमुख. पश्चिमेकडील गवताळ माळावर उगम पावून तो शहराच्या मध्यभागातून जातो आणि पुढे त्याचेच पात्र खोल करून ह्युस्टन बंदराचा जहाजमार्ग तयार करण्यात आला आहे. १९२९ आणि विशेषतः डिसेंबर १९३५ मधील पुरांनी शहराचा मध्यभाग व बंदर या दोहोंची मोठी हानी केली. त्यानंतर १९३७ मध्ये हॅरिस परगण्याचे पूरनियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि १९३८ च्या संघीय कायद्यान्वये बफेलो बायूची योजना मंजूर झाली. तिची अंमलबजावणी 'यू. एस. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स' या संस्थेकडे सोपविण्यात आली. प्रस्तुत लेखात यापुढे तिचा उल्लेख 'अभियंता दल' असा केला आहे.

मूळ योजनेत तीन जलाशय, उत्तरेकडील सायप्रस क्रीक या प्रवाहाचे पाणी अडविणारा बांध आणि पाणी शहराबाहेरून वळवून नेणारे कालवे यांचा समावेश होता. प्रत्यक्षात दोनच जलाशय झाले. बार्कर १९४५ मध्ये व ॲडिक्स १९४८ मध्ये पूर्ण झाला. तिसरा जलाशय, बांध आणि कालवे कागदावरच राहिले. हा तपशील किरकोळ वाटला तरी तसा नाही. सायप्रस क्रीकला मोठा पूर आला की त्याचे पाणी माळावरून पसरत ॲडिक्सच्या पाणलोटात उतरते. ते अडविणारा बांध झालाच नसल्यामुळे ॲडिक्सवर एका शेजारी प्रवाहाचाही भार पडत आला आहे.

दोन्ही धरणे मातीची आहेत. त्यांची उंची फारशी नाही. लांबी मात्र अनुक्रमे सुमारे १९ व २२ किलोमीटर आहे. दरी नसलेल्या प्रदेशात धरण बांधायचे तर ते असेच पसरट बांधावे लागते. पश्चिमेकडे तोंड उघडे असलेल्या नालाच्या आकाराचा हा बांध, आणि त्याच्या आत कोणत्याही दृश्य सीमेशिवाय हळूहळू चढत जाणारी जमीन, असे त्यांचे स्वरूप आहे. जलाशयाचा काठ येथे डोळ्यांना दिसत नाही. तो केवळ समोच्च रेषेच्या नकाशावर असतो. प्रारंभी विसर्गाच्या बहुतेक बोगद्यांना दारेही नव्हती. पाणी आपोआप, परंतु मर्यादित वेगाने बाहेर पडत असे. धरणाखाली वस्ती वाढत गेली तसतशी १९६३ पर्यंत सर्व बोगद्यांना दारे बसविण्यात आली.

नेहमीच्या परिचालनाचा नियम साधा आहे. खालच्या भागात मोठा पाऊस झाला की दारे बंद करावयाची. पूर ओसरल्यावर बफेलो बायूमधील एकूण प्रवाह सुमारे २,००० क्युसेकच्या वर जाणार नाही अशा बेताने पाणी सोडावयाचे. पुण्यात पावसाळ्यात खडकवासल्यातून सुटणाऱ्या विसर्गाचे आकडे ज्यांच्या कानावर पडतात त्यांना २,००० क्युसेक ही अगदीच लहान संख्या वाटेल. मात्र बायूच्या दोन्ही काठांशी घरे येऊन ठेपल्यावर त्याची वहनक्षमता तेवढीच उरली होती. विसर्ग इतका कमी ठेवायचा, तर साठा दीर्घकाळ धरून ठेवणे क्रमप्राप्त ठरते. म्हणजेच खालची वस्ती जितकी जवळ येते, तितके वरचे पाणी अधिक दिवस थांबते.

जलाशयाच्या तळातील उद्याने

धरणांसाठी पंचवीस हजार एकरांच्या आसपास जमीन संघीय शासनाने संपादित केली. त्यात भातशेती, कुरणे आणि बेअर क्रीक परिसरातील जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांची जुनी वस्ती होती. धरण झाल्यावर ही जमीन मोकळी झाली, आणि मोकळ्या जमिनीचे काय करावे याचे उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवले होते. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने अभियंता दलास जलाशयांच्या परिसरात सार्वजनिक उद्याने व मनोरंजनाच्या सोयी उभारण्याचा, तसेच त्यासाठी जमीन भाडेपट्ट्याने देण्याचा अधिकार दिला. युद्धोत्तर काळात मध्यमवर्गाकडे मोटार आणि सुटी या दोन्ही गोष्टी आल्या आणि अभियंता दल हे अमेरिकेतील जलाधिष्ठित मनोरंजन पुरविणाऱ्या प्रमुख शासकीय संस्थांपैकी एक बनले. पूर अडविण्यासाठी नेमलेल्या लष्करी अभियंत्यांना सहलीच्या जागांची व्यवस्था पाहावी लागावी, हा प्रशासनाच्या इतिहासातील एक गमतीदार योगायोग म्हणावा लागेल.

ॲडिक्स व बार्कर येथे ही जमीन परगण्याला व शहराला भाडेपट्ट्याने मिळाली. ॲडिक्सच्या बुडीत क्षेत्रात सुमारे २,१५० एकरांचे बेअर क्रीक पायोनियर्स पार्क आणि नऊ हजारांहून अधिक एकरांचे कलन पार्क आहे. जुन्या वसाहतकऱ्यांची आठवण पहिल्याच्या नावात राहिली आहे. कलन पार्कमध्ये १९८६ साली सायकल शर्यतींसाठी काँक्रीटची धावपट्टी बांधण्यात आली. बार्करच्या बुडीत क्षेत्रात सुमारे ७,८०० एकरांचे जॉर्ज बुश पार्क आहे. तेथे पायवाटा, फुटबॉलची मैदाने, नेमबाजीचे केंद्र आणि कुत्र्यांसाठी राखीव असलेले एक स्वतंत्र उद्यानही आहे. त्यास माजी राष्ट्राध्यक्षांच्या 'मिली' या कुत्रीचे नाव दिलेले आहे. या उद्यानांतून सार्वजनिक रस्ते जातात आणि त्यांवरून रोज हजारो वाहने धावतात. यांतील किती चालकांना आपण एका धरणाच्या जलाशयातून जात आहोत याची जाणीव असेल, हा प्रश्नच आहे.

या उपयोगाची निवड योग्य होती का? पूरनियंत्रणाच्या दृष्टीने पाहता ती योग्यच होती असे म्हणावे लागते. जलाशयात कारखाना, गोदाम वा घर असेल तर प्रत्येक पुरागणिक त्याची भरपाई करावी लागेल, आणि भरपाईच्या भीतीने दारे वेळेवर बंद करण्यास परिचालक कचरेल. मैदानाचे तसे नसते. मैदान बुडते, वाळते आणि पुन्हा वापरात येते. उद्यानात रात्री कोणी राहत नाही, त्यामुळे ते बंद करण्यास एक फाटक पुरे होते. शिवाय उद्यानामुळे जमीन सार्वजनिक मालकीत टिकून राहते. मोकळ्या शासकीय जमिनीवर ज्या निरनिराळ्या मागण्या सतत येत असतात, त्यांना थोपविण्यास उद्यानासारखे सबळ कारण दुसरे नाही.

अर्थात उद्यान बुडते याचा अर्थ त्याचे काही बिघडत नाही असा नव्हे. वाहत्या पुराखाली एखादा दिवस राहणे आणि साठलेल्या पाण्याखाली कित्येक आठवडे राहणे यांत मोठा फरक आहे. दीर्घकाळ पाण्याखाली राहिलेल्या मातीतील प्राणवायू संपतो आणि मुळे गुदमरतात. सायप्रससारखे पाणथळीचे वृक्ष तग धरतात. हिरवळ आणि शोभेची झाडे धरत नाहीत. गाळाचा थर बसतो, विजेच्या जोडण्या निकामी होतात, लाकडी पूल व बाके उचलली जातात. म्हणून अशा उद्यानात विजेची उपकरणे उंचावर बसवावी लागतात, बाके जमिनीत पक्की रोवावी लागतात, इमारती शक्य तितक्या कमी व धुऊन काढता येतील अशा ठेवाव्या लागतात. धरणांच्या खालच्या बाजूस, शहराच्या मध्यभागी बायूच्या काठाने असलेले १६० एकरांचे बफेलो बायू पार्क २०१५ मध्ये नव्या स्वरूपात खुले झाले. ते पुरात बुडणार हे गृहीत धरूनच त्याची रचना करण्यात आली होती. तरीही २०१७ मध्ये वरच्या जलाशयांतून दीर्घकाळ विसर्ग चालू राहिल्यामुळे त्याचा खालचा भाग अपेक्षेहून कितीतरी अधिक काळ पाण्याखाली राहिला आणि गाळ काढण्यास मोठे श्रम पडले. पूर किती उंच येईल याचा विचार रचनाकार करतात. तो किती दिवस मुक्काम करील याचा विचार तुलनेने कमी होतो.

सीमारेषा कोठे आखली?

आतापर्यंतचे विवेचन शासकीय मालकीच्या जमिनीपुरते मर्यादित होते. खरा पेच तिच्या सीमेपाशी सुरू होतो. १९४० च्या दशकात जमीन संपादित करताना १९३५ सालासारखा पूर आल्यास पाणी जेथवर चढेल त्याहून थोड्याशाच वरच्या पातळीपर्यंत ती घेण्यात आली. ॲडिक्ससाठी ही पातळी सुमारे १०३ फूट, तर बार्करसाठी सुमारे ९५ फूट होती. धरणाच्या बांधाची उंची मात्र याहून अधिक होती. म्हणजे शासनाने मालकी घेतलेल्या जमिनीपेक्षा अधिक जमीन बुडविण्याची क्षमता धरणात होती. या दोन पातळ्यांच्या मधील पट्टा खासगी मालकीचा राहिला.

त्या काळी हे कोणास खटकले नसावे. तो पट्टा भातशेतीचा व गुरे चारण्याचा होता. तेथे चार दिवस पाणी साचले तर फारसे बिघडणार नव्हते. परंतु पुढील पन्नास वर्षांत शहर पश्चिमेकडे सरकले आणि या पट्ट्यात गृहवसाहती उभ्या राहिल्या. या प्रक्रियेत उद्यानांनी बजावलेली भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने कुंपणापलीकडे हजारो एकरांचे, कायम मोकळे राहणारे, झाडीचे व पायवाटांचे उद्यान असणे हा वसाहतीचा दोष नसून गुण होता. ते उद्यान मोकळे का राहणार आहे, हा प्रश्न विचारला जाण्याचे कारणच नव्हते. जलाशयात पाणी दिसत असते तर कदाचित तो विचारला गेला असता.

सूचना अजिबात नव्हती असे म्हणता येणार नाही. मार्च १९९२ च्या पावसाने दोन्ही जलाशयांत तोपर्यंतची उच्चांकी पातळी गाठली, तेव्हा अभियंता दलाने हा धोका जाहीरपणे मांडला होता. बार्करलगतच्या फोर्ट बेंड परगण्यात १९९० च्या दशकापासून काही वसाहतींच्या मंजूर नकाशांवर, ही वसाहत बार्कर जलाशयाशेजारी असून ती नियंत्रित पद्धतीने दीर्घकाळ पाण्याखाली जाऊ शकते, अशा आशयाची टीप छापण्यात येऊ लागली. परंतु मंजूर नकाशा बांधकाम व्यावसायिकाच्या व परगण्याच्या दप्तरी असतो. घर घेणारा कर्जाची कागदपत्रे वाचतो, नकाशावरील टीप वाचत नाही. शिवाय बहुतेक घरे पूरविम्याच्या सक्तीच्या क्षेत्राबाहेर होती, कारण विम्याचे नकाशे नदीच्या पुराचा विचार करून काढलेले होते, जलाशयाच्या फुगवट्याचा नव्हे. परिणामी ज्या घरांचे जलाशयात बुडणे अभियांत्रिकी दृष्ट्या शक्य होते, त्यांतील अनेकांकडे विमाही नव्हता.

ऑगस्ट २०१७

एप्रिल २०१६ च्या अतिवृष्टीत जलाशयांनी नवा उच्चांक गाठला आणि बेअर क्रीक उद्यान कित्येक आठवडे पाण्याखाली राहिले. तेव्हा पाणी बहुतांशी उद्यानांतच थांबल्यामुळे व्यवस्था यशस्वी ठरली असेच मानले गेले. पुढच्याच वर्षी २५ ऑगस्ट २०१७ रोजी हार्वे हे चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आले आणि ह्युस्टनच्या आसपास अनेक दिवस रेंगाळले. परिसरातील अनेक ठिकाणी चाळीस इंचांहून अधिक पाऊस झाला. जलाशय भरत गेले, उद्याने बुडाली, आणि पाणी न दिसणारी शासकीय सीमा ओलांडून वसाहतींत शिरले.

२८ ऑगस्टच्या पहाटे अभियंता दलाने दारे उघडली. खालच्या भागात पूर असताना दारे बंद ठेवावयाची हा नेहमीचा नियम येथे बाजूला ठेवावा लागला, कारण पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर धरणाची सुरक्षितता सर्वोपरी ठरते. ही धरणे फुटली असती तर त्यांच्या खाली संपूर्ण शहर होते. २००९ पासून दोन्ही धरणे अभियंता दलाच्याच वर्गवारीत सर्वाधिक जोखमीच्या गटात होती, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. विसर्ग २,००० क्युसेकच्या अनेक पटींनी वाढला आणि बायूच्या काठावरील घरांत पाणी शिरले. वरच्या बाजूस पातळी तरीही चढत राहिली. ॲडिक्सने सुमारे १०९ फूट, तर बार्करने सुमारे १०१.६ फूट पातळी गाठली. दोन्ही ठिकाणी ती संपादित जमिनीच्या सीमेहून सुमारे सहा फूट किंवा त्याहून अधिक वर होती. एवढ्या सपाट प्रदेशात सहा फूट म्हणजे हजारो घरे. ॲडिक्स धरणाच्या एका टोकाला वळसा घालून पाणी वाहू लागल्याची घटनाही या काळात प्रथमच घडली.

त्यानंतर न्यायालयात दोन वेगवेगळे वाद उभे राहिले. वरच्या बाजूच्या रहिवाशांचे म्हणणे असे की, शासनाने त्यांच्या जमिनीचा जलाशय म्हणून वापर केला, म्हणजे ती भरपाई न देता ताब्यात घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संघीय दाव्यांच्या न्यायालयाने हे मान्य करून शासनास उत्तरदायी ठरविले. खालच्या बाजूच्या रहिवाशांचा दावा त्याच न्यायालयातील दुसऱ्या न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०२० मध्ये फेटाळला. पुढे जून २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठविले. कायद्याच्या तपशिलात येथे जाण्याचे कारण नाही. मात्र वरच्या बाजूच्या निकालातील तर्क भूगोलाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावा असा आहे. पाणी कोठवर चढू शकते हे शासनास ठाऊक होते, आणि तेथवरची जमीन त्याने घेतली नव्हती. उद्यान बुडाले याबद्दल कोणी शासनाकडे दाद मागितली नाही, कारण उद्यानाच्या भाडेपट्ट्यातच बुडणे गृहीत धरलेले असते. दोन्ही जमिनी एकाच पाण्याखाली, एकाच आठवड्यात गेल्या होत्या.

दामोदरचा दाखला

ही चूक केवळ ह्युस्टनची नाही. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. पूरनियंत्रण हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. योजिलेल्या धरणांपैकी महामंडळाने तिलैया, कोनार, मैथन व पंचेत ही चारच बांधली. मैथन १९५७ मध्ये, तर पंचेत १९५९ मध्ये पूर्ण झाले. मैथनचा जलाशय आज नौकाविहार व हिवाळी सहलींसाठी पूर्व भारतातील लोकप्रिय ठिकाण आहे. परंतु पंचेतची रचना ४४५ फूट पातळीपर्यंत पूर साठविण्याच्या हेतूने झाली असताना जमीन मात्र ४२५ फुटांपर्यंतच संपादित झाली. वीस फुटांचा पूरसाठा धरणाच्या भिंतीत आहे, पण तो वापरता येत नाही, कारण त्या उंचीवर लोक राहतात. ह्युस्टनमध्ये पाणी परवानगीवाचून त्या पट्ट्यात चढले. दामोदरमध्ये ते चढू नये म्हणून लवकर सोडावे लागते आणि त्याचा फटका खालच्या बंगालला बसतो. या विसर्गावरून पश्चिम बंगाल शासन व महामंडळ यांच्यातील जाहीर वाद सप्टेंबर २०२४ मध्येही झडला.

महाराष्ट्रात नदीकाठच्या भागासाठी पाटबंधारे खात्याने निळी व लाल अशा दोन पूररेषा मानल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम असू नये, उद्याने व क्रीडांगणे चालतील, हे तत्त्व ॲडिक्स–बार्करच्या उद्यानांमागील तत्त्वाशी मिळतेजुळते आहे आणि ते योग्यही आहे. दोन रेषांच्या मधील पट्टा मात्र येथेही तसाच राहतो. नदीकाठचे सुशोभित उद्यान त्या पट्ट्यातील घरांची किंमत वाढविते, आणि उद्यान नेमके त्याच जागी का आहे याचे कारण सांगणारा फलक तेथे क्वचितच आढळतो.

सद्यःस्थिती

हार्वेनंतर दोन्ही धरणांचे विसर्गद्वार नव्याने बांधण्यात आले. बफेलो बायूच्या संपूर्ण व्यवस्थेचा फेरविचार करणारा अभियंता दलाचा अंतरिम अहवाल ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सायप्रस क्रीकवर नवे धरण आणि बफेलो बायूचे पात्र रुंद व खोल करणे हे त्यातील मुख्य पर्याय होते. एकामुळे पश्चिमेकडील गवताळ माळ, तर दुसऱ्यामुळे बायूच्या काठची झाडी नष्ट होईल म्हणून दोन्हींना नागरिकांनी मोठा विरोध केला. परगण्याच्या पूरनियंत्रण मंडळाने पुराचे पाणी जमिनीखालून जहाजमार्गापर्यंत नेणाऱ्या मोठ्या बोगद्यांचा अभ्यास हाती घेतला.

वरच्या बाजूच्या रहिवाशांकडून आणखी एक पर्याय वारंवार पुढे येतो. जलाशयांचा तळ खोदून त्यांची क्षमता वाढवावी, असा तो आहे. हिशेबाने तो सरळ वाटतो. शासनाची जमीन आहे, ती खोल केली की पाणी शासनाच्या जमिनीतच मावेल. परंतु तो तळ आता सत्तर-ऐंशी वर्षे वाढलेले जंगल आहे, पक्ष्यांचा अधिवास आहे आणि शहराच्या पश्चिम भागातील लाखो लोकांची फिरण्याची जागा आहे. खोदकामाला हरकत घेणाऱ्यांत निसर्गप्रेमी आहेत, पायवाटांवर रोज येणारे आहेत. आणि २०१७ मध्ये ज्यांच्या घरांत पाणी शिरले होते असे काही जणही त्याच पायवाटांवर फिरणारे आहेत.